एकोणसत्तर

माझे बाबा दगड तपासायचे. असं सांगितलं की शाळेत मुली हसायच्या, आणि आईच्या माहेरी, येवल्याच्या बाजूला, त्यांना सरळ ‘दगडाचे डॉक्टर’ म्हणायचे. नाशकात सातपूरला एका इंजिनिअर साहेबांची पत्र्याच्या शेडमध्ये छोटी प्रयोगशाळा होती. पुलाच्या पायाखालचा, रस्त्याच्या खडीचा, कुठल्या कुठल्या बंधाऱ्याचा दगड तिथे गोणपाटात बांधून यायचा आणि बाबा त्याची परीक्षा घ्यायचे. आधी यंत्राने त्यातून मनगटाएवढ्या जाड गोल कांड्या कापायच्या. एक कांडी भट्टीत दिवसभर वाळवायची, दुसरी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी असताना वजन, भिजल्यावर वजन, पाण्यात लोंबकळत ठेवून वजन. एवढ्यावरून दगड किती भरीव आहे आणि पोटात किती पोकळी घेऊन बसलाय ते कळतं. शेवटी दोन्ही कांड्या एकामागून एक दाबाच्या मशीनमध्ये उभ्या करायच्या आणि फुटेपर्यंत दाबायच्या. काळा पाषाण फुटायच्या आधी काहीच सांगत नाही, एकदम ताडकन जातो. पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड मात्र आधी कुरकुर करतो. पुढे मीही आयुष्यभर दगडांचंच काम केलं, निवृत्त होऊनही आता दोन वर्षं झाली, पण दगडाबद्दल याहून फार वेगळं काही मला कळलंय असं नाही.

आमचं घर म्हणजे वसाहतीतल्या दोन खोल्या आणि मागे मोरी. कारखान्यांचा भोंगा झाला की आई भाकरी थापायला घ्यायची, त्यामुळे घरातलं घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं काही अडायचं नाही. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, रविवारी जमलं तर मटण, आणि थंडीत हुलग्याची शेंगोळी. शेंगोळ्यांवर माझ्या भावाचा, गौतमचा, इतका जीव की तो पातेल्याशीच जाऊन बसायचा आणि आई त्याला उलथन्याचा धाक दाखवायची. गौतम माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आयटीआयला फिटरचा कोर्स करत होता. घरात असेल तेवढा वेळ शीळ घालायचा. बाबांना घरी आले तरी दगड सुटायचे नाहीत. एकदा आई बाहेर गेलेली बघून त्यांनी तिचा पाटा आणि वरवंटा पिंपात बुडवून दोन्हींची वजनं केली होती. आई परत आली तर घरभर पाणी आणि बाबा खुशीत. म्हणे पाटा वरवंट्यापेक्षा भारी दगडाचा आहे, वरवंटा आधी झिजणार. आई म्हणाली, त्याच्याआधी मी झिजते, मला वाटण वाटायचंय, सरका. मग दोघंही हसत बसली. ती दोघं एकमेकांशी फार बोलायची. आई मोरीशी बसून भांडी घासतेय आणि बाबा दारात बसून आज कुठला दगड कसा फुटला ते तिला सांगतायत, हे अभ्यास करताना रोज माझ्या कानावर असायचं. आईला दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती मधेमधे ‘मग?’ म्हणायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ज्यांनी आमचं घर नंतर पाहिलं त्यांना ते खरं वाटणार नाही.

दाबाच्या मशीनवर एकट्याने काम होत नाही. दाब वाढवला की तबकडीवरचा काटा चढत जातो आणि कांडी फुटली की झटक्यात शून्यावर येतो. सर्वांत वरचा आकडा धरून ठेवणारी दुसरी लाल सुई असते, पण आमच्या मशीनची ती कधीच तुटून पडली होती आणि साहेब ‘बघू, बघू’ करत होते. म्हणून बाबांनी काट्यावरून नजर काढायची नाही, फुटण्याच्या क्षणी आकडा मोठ्याने बोलायचा, आणि शेजारी बसलेल्याने तो वहीत लिहायचा, अशी पद्धत. रोज लिहायला एक मदतनीस होता. रविवारी साहेबांच्या परवानगीने बाबा गावाकडच्या ओळखीच्या लोकांची किरकोळ कामं करून द्यायचे, तेव्हा मला न्यायचे. सायकलच्या पुढच्या नळीवर बसायचं वय उलटून गेलं होतं, तरी मी बसायचे. एकदा बोललेला आकडा बाबा डोक्यात ठेवत नसत. म्हणायचे, मागचा आकडा डोक्यात राहिला की पुढचा वाचताना तो मधे येतो. संध्याकाळी ते वही पुढ्यात घेऊन हिशेब मांडायचे. म्हणजे जो काही आकडा उरायचा तो माझ्या वहीतच.

माझं गणित तसं बरं होतं, फक्त ‘एकोण’ माझ्या हातून उलटं पडायचं. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कानावर ‘सत्तर’ पडलं की हात आधी सात काढून मोकळा व्हायचा आणि त्याच्यामागे नऊ यायचा. यापायी मी शाळेत पट्ट्या खाल्ल्या आहेत. गौतम तर मला नावाने हाकच मारायचा नाही, ‘ए एकोण’ म्हणायचा. हल्ली शाळेत मुलांना ‘साठ नऊ’ असंही म्हणायला शिकवतात म्हणे, आणि त्यावर आमच्या इमारतीतले पेन्शनर लोक बाकावर बसून भाषा बुडाली, भाषा बुडाली करतात. बुडू दे. मी तिथून उठून जाते.

मी नववीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात येवल्याहून मामा आले. आईचे धाकटे भाऊ. त्यांनी शेतात विहीर खणली होती, पाणीही लागलं होतं. वरचा मुरूम बांधून काढायचा हे नक्की होतं, पण त्याच्याखाली जो खडक लागला तोही आतून बांधायचा की तसाच ठेवायचा, हे त्यांना बाबांकडून हवं होतं. दोन मोठे दगड गोणीत घालून ते एसटीने घेऊन आले होते. दाजी म्हणतील तसं, असं ते आईला सारखं सांगत होते. साहेबांकडून ऐकलेला बाबांचा एक ठोकताळा होता. भिजलेल्या दगडाने कोरड्याच्या पाऊणपट तरी जोर सोसला पाहिजे. तेवढा सोसला तर भिंत तशीच ठेवायची, नाही सोसला तर बांधायची. मामा चार दिवस आमच्याकडेच राहिले, तोवर कांडी भिजत पडली होती. रविवारी आम्ही सगळे प्रयोगशाळेत गेलो. गौतमही आला होता, गोण्या उचलायला, आणि शेडबाहेर बसून तो कलिंगड कापत होता.

कोरडी कांडी फुटली, बाबा म्हणाले, ‘शहाण्णव.’ मी लिहिलं. ओली फुटली, बाबा म्हणाले, ‘एकोणसत्तर.’ मी लिहिलं. त्यानंतर दिंडोरीकडच्या कुणाच्या तरी आठदहा कांड्या झाल्या. संध्याकाळी बाबांनी वही घेतली. पाऊणकी त्यांना तोंडपाठ होती. शहाण्णवचे पाऊण बहात्तर, ते पुटपुटले, मग ओळीवर बोट ठेवून वाचलं, ओल्याला एकोणऐंशी, आणि मान वर करून मामांना म्हणाले की दगड चांगला आहे, बांधू नका. मामा खूश झाले. एकोणऐंशी हा शब्द दुपारी त्या शेडमध्ये कुणी उच्चारलाच नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही. गौतमने कलिंगडाचा मधला गाभा एकट्याने खाल्ला म्हणून मी त्याच्याशी भांडत होते.

श्रावणात गौतम मामांकडे गेला. पाऊस चांगला झाला होता, विहिरीला पाणी आलं होतं. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी गाळ बसला म्हणून तो खाली उतरला. अशी कामं त्याला आवडायची. तो खाली असताना उगवतीच्या बाजूची भिंत सुटली आणि दगडाची मोठी कपार त्याच्यावर आली. बाकीचा तपशील मला ठाऊक आहे, पण तो लिहायचा नाही असं मी ठरवलंय. मामांचा शेजारी एसटीने आला आणि दारात उभा राहून चपला काढू की नको करत होता, तेव्हाच आईने हातातलं पीठ परातीत झटकलं आणि विचारलं, ‘गौतमचं काय झालं?’

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लोक मला विचारत असत की तुला काय वाटलं. खोटं कशाला बोलू, काही वाटलं नाही. विहारातले भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या कपड्यातली एवढी माणसं आली की वसाहतीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी पाणी देत होते. कुणाला किती पेले दिले ते मला आठवतं. बायका मला कुशीत घेऊन रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत उभी. माझ्या एका मावशीने मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की पोरगी दगडाच्या काळजाची आहे, बापावर गेली. बाबाही रडले नव्हते. आई रडायची, पण तीही एखादं काम उरकावं तशी. मग उठून चूल बघायची. जेवणाला चव नव्हती की मला लागत नव्हती, कोण जाणे. आम्ही तिघंही वेळेवर जेवत होतो. भोंगा व्हायचा, भाकऱ्या व्हायच्या, गौतमच्या वाटणीच्या भाकऱ्याही आई सवयीने करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या कुस्करून खायचो.

पाहुणे परत निघाले तेव्हा मामा बाबांपुढे उभे राहिले. त्यांच्या मनात भांडण नव्हतं. ते एवढंच म्हणाले की दाजी, तुम्ही म्हणालात दगड चांगला हाय, म्हणून नाय बांधली. बाबा हो म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. दगड खोटा निघाला की आपण खोटं सांगितलं, हे त्यांना कळायला हवं होतं. दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि आई ‘अहो, जेवा’ म्हणायची. दोन आठवड्यांनी ते येवल्याला गेले आणि त्या पडलेल्या कपारीचेच तुकडे गोणीत घालून घेऊन आले. तो दगड आमच्या भावावर पडला होता. बाबांनी तो कापला, वाळवला, भिजवला, वजनं केली. सगळं तसंच, नेहमीसारखं. रविवारी सकाळी त्यांनी सायकल काढली आणि मला म्हणाले, ‘चल, लिहायला कुणीतरी पाहिजे.’

या वेळी तीन कोरड्या आणि तीन ओल्या कांड्या होत्या. कोरड्यांचे आकडे उन्हाळ्यातल्यासारखेच आले, शहाण्णवच्या आसपास. मग ओल्या. पहिली फुटली, ‘एकाहत्तर.’ दुसरी, ‘अडुसष्ट.’ मी लिहीत होते. बहात्तरच्या खाली येतायत एवढं मला कळत होतं, आणि मग उन्हाळ्यात एकोणऐंशी कसे आले हा प्रश्नही डोक्यात येत होता, पण तो लांबून, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसा. तिसरी कांडी कुरकुरायला लागली, ताडकन गेली आणि बाबा म्हणाले, ‘एकोणसत्तर.’

माझ्या हाताने सात काढला.

मी त्या सातकडे बघत राहिले. पेन तिथेच टेकलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता. मला सगळं एकदमच कळलं. उन्हाळ्यातला तो रविवार, ओळीवर ठेवलेलं बाबांचं बोट, ‘ओल्याला एकोणऐंशी’. मी वर पाहिलं नाही. पण बाबांची नजर काट्यावरून निघाली आहे आणि वहीवर आली आहे हे मला कळत होतं. मशीन बंद करायचं ते विसरले, ते घरघरत राहिलं. मग बाबा हळू आवाजात, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाले, ‘साठ आणि नऊ, सुजे.’ मी सात खोडला आणि सहा नऊ लिहिलं. वही तीच होती. उन्हाळ्यातलं पान वीस-पंचवीस पानं मागे असेल. त्यांनी ते उलटून पाहिलं नाही आणि मीही नाही. आम्ही फुटलेले तुकडे गोळा केले, मशीनखालची भुकटी झाडली, भट्टीचं बटण बंद आहे ना ते पाहिलं. परतताना बाबांनी मला पुडीत भेळभत्ता घेऊन दिला. मी तो पूर्ण खाल्ला. मला तेव्हा काय वाटत होतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, तिखट लागत होता.

घरी आल्यावर बाबा चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आई खाली बसून भाजी चिरत होती. ते म्हणाले, ‘माझी नजर चुकली होती गं. काटा एकोणसत्तरवर होता, मी एकोणऐंशी वाचलं. विहीर बांधायला सांगायला पाहिजे होती.’ मी त्यांच्या मागे उभी होते. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चपला काढून कोपऱ्यात लावल्या. आणि नंतर एकदा का तो क्षण गेला की पुढच्या प्रत्येक दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. आईने विळी आडवी केली, भाजी टोपलीत भरली आणि उठून मागच्या मोरीवर गेली. ती बाबांना एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग कधीच नाही.

आमच्याकडे आदळआपट झाली नाही, कुणी घर सोडून गेलं नाही. बाबांचं ताट वेळेवर वाढलेलं असायचं, कपडे धुतलेले असायचे, तापात आई त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. फक्त बोलायची नाही. ‘सुजे, त्यांना विचार आमटी पाहिजे का.’ ‘सुजे, त्यांना सांग बहिणीचं पत्र आलंय.’ ते समोरच बसलेले असायचे. बाबा तिच्याकडे बघून उत्तर द्यायचे आणि ती माझ्याकडे बघून ऐकायची. पहिले काही महिने ते मोरीशी जाऊन दारात बसायचे, नेहमीसारखं दगडांचं सांगायला सुरुवात करायचे. ‘मग?’ असं कुणी म्हणायचं नाही. हळूहळू त्यांनीही सोडलं. मामांना त्यांनी पोस्टकार्ड लिहून चूक कळवली. मामांचं उत्तर आलं की चुकतो माणूस, दाजी, मनाला लावून घेऊ नका. मामा आईपेक्षा मोठ्या मनाचे निघाले, असं मी त्या वेळी मनात म्हटलं. आईवर मी दात धरला होता. म्हणजे चूक माझी, आणि ज्याने ती अंगावर घेतली त्याला शिक्षा देणाऱ्या बाईवर राग माझा. एवढं सगळं करूनही तोंड उघडत नव्हते. असो.

त्यानंतर बाबांनी मला आकडा कधी नावाने सांगितला नाही. ‘सात एक.’ ‘नऊ सहा.’ नवीन मदतनीस आला तर त्यालाही तसंच. साहेबांना वाटलं बाबांनी काहीतरी शास्त्रीय पद्धत काढली आहे, त्यांनी ती सगळ्यांना लावली. मी दहावी झाले, पुढे भूशास्त्र घेतलं. का घेतलं, हे घरात कुणी विचारलं नाही. कॉलेजात एका दुपारी सर खडकाच्या भिंती का पडतात ते शिकवत होते. ते म्हणाले की हातात मावणारी कांडी कितीही घट्ट असली तरी भिंत पडते ती फटीवर, नाहीतर दोन थरांमधल्या मऊ लाल मातीच्या पट्ट्यावर, ज्याला आपल्याकडे विहिरी खणणारे गेरू म्हणतात. गेरू भिजला की वरचा अख्खा थर घसरतो. मी ते नीट उतरवून घेतलं. घरी येऊन बाबांना विचारलं, मामांच्या विहिरीत गेरूचा पट्टा होता का. होता, ते म्हणाले, हातभर जाडीचा, उगवतीच्या बाजूला. मग मी म्हटलं, म्हणजे त्या आकड्याला तसा काही अर्थच नव्हता. एकोणसत्तर काय नि एकोणऐंशी काय, भिंत पडायची ती पडलीच असती.

बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘पडली असती. पण एकोणसत्तर आले असते तर आपण बांधून घेतली असती ना.’

‘आपण’ म्हणाले. त्या विषयावर आमचं बोलणं झालं ते एवढंच. मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना गेरूचं शिकवलं, नकाशे काढले, माझ्या सांगण्यावरून कितीतरी विहिरी आतून बांधल्या गेल्या. लोक म्हणायचे, मॅडम फार काळजी घेतात. मला त्याचं काही वाटायचं नाही.

बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली. मी लग्नानंतरही नाशकातच राहिले, त्यामुळे शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात मी आणि आई आळीपाळीने असायचो. ती डबा घेऊन यायची, त्यांच्या पायाशी बसायची आणि मला म्हणायची, ‘विचार त्यांना, पाणी पाहिजे का.’ पंच्याहत्तरी उलटलेली बाई, आणि अजून तेच. मला त्या दिवसांत तिचा इतका राग यायचा की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायचे. ते गेल्यावर सात-आठ महिन्यांनी एका दुपारी आम्ही दोघी गॅलरीत शेंगा फोडत बसलो होतो. मी काही ठरवून गेले नव्हते. सदतीस वर्षं जे बोलले नव्हते ते मी शेंगा फोडता फोडता बोलून टाकलं.

‘आई, विहिरीचा तो आकडा बाबांनी बरोबर सांगितला होता. चूक माझी झाली. मी लिहिताना चुकले.’

आईचे हात थांबले नाहीत. ‘ठाऊक हाय मला,’ ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. मी विचारलं, बाबांनी सांगितलं होतं का. ती म्हणाली, त्यांनी कशाला सांगायचं, संसार केला त्यांच्याबरोबर, काटा वाचण्यात ते माणूस आयुष्यात चुकलं नाय. ते दाराशी येऊन नजर चुकली म्हणाले, आणि मागे तुझं तोंड दिसलं, तेव्हाच कळलं. माझा आवाज चढला. मग त्यांच्याशी बोलणं का टाकलंस, सदतीस वर्षं, कशासाठी, असं मी तिला म्हणाले, आणि शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी वळून पाहिलं.

आईने सुपातले दाणे पाखडले, टरफलं उडाली. ‘लय राग होता मला, सुजे,’ ती म्हणाली. ‘माझं पोरगं गेलं होतं. कुणावर तरी निघणारच होता तो. तू दहावीत होतीस. ते आपणहून पुढं येऊन उभे राहिले, मग त्यांच्यावर ठेवला.’

‘म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं?’

‘ठरवायला बोलावं लागतं,’ आई म्हणाली.

मी रडायला लागले. बाबांसाठी, गौतमसाठी, की माझ्यासाठीच, मला सांगता येणार नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं आणि ते सोसवत नव्हतं. आई माझ्याजवळ सरकली नाही. ती शेंगा फोडत राहिली आणि माझ्याकडे न बघता, मला सांगतेय असं न दाखवता, बोलायला लागली.

‘दवाखान्यात शेवटच्या दिवशी वाटलं, आता बोलावं. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी जवळ गेले. अहो, म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. मला पुढं काय बोलायचं तेच आठवंना. एवढ्या वर्षांचं कुठनं सुरू करायचं. ते वाट बघत होते. मग तू आलीस.’